निंबावरची गुळवेल

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतले एक गृहस्थ सकाळी सात वाजताच दारात उभे. हातात रिकामी कापडी पिशवी. "सर, तुमच्या मळ्यातल्या निंबावर गुळवेल आहे म्हणतात. थोडी पाहिजे होती. रोज घ्यावी म्हणतो, तब्येतीला बरी असते." मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकायला सांगितला आणि विचारलं, "शुगरची गोळी चालू आहे का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा पगार विचारला.

पूर्वी मी असा नव्हतो. पूर्वी पिशवी भरून द्यायचो आणि वर दोन कांड्या कुंडीत लावायला म्हणून वेगळ्या.

मळा भडगाव तालुक्यात, गिरणेपासून फार लांब नाही. विहिरीवर मोट चालायची तेव्हाची धाव अजून शिल्लक आहे, बैलांच्या पायांनी खोलगट झालेली. धावेच्या टोकाला निंब. (आम्ही खान्देशी लोक कडुनिंबाला नुसतं निंब म्हणतो. कडू असतो हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटलेली नाही.) त्या निंबाच्या बुंध्याला मिठी मारून गुळवेल वर गेलीय, खाली लहान पोराच्या मनगटाएवढी जाड, वर जाता जाता बोटाएवढी.

लांबून ती वेल वाटतच नाही, कुणीतरी जुनं दावं झाडावर फेकून दिलंय असं वाटतं. जवळ जाऊन नख लावलं की मग कळतं. वरची करडी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येते आणि आत हिरवागार, ओलसर गर. सालीवर बारीक उंचवट्याचे ठिपके. आडवी कापली की कापात बैलगाडीचं चाक दिसतं, मधल्या तुंब्यापासून निघालेल्या आऱ्यांसकट. आणि फांद्यांवरून सुतासारखी मुळं खाली सोडलेली, काही जमिनीला टेकलेली, काही वाऱ्यावर झुलत वाट पाहणारी. पावसाळ्यात पानं येतात, पिंपळासारखी पण टोकाच्या शेपटीशिवाय. चैत्र-वैशाखात, आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, सगळी गळून जातात.

एका वर्षी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निंबाला त्रास होतो म्हणून वेल बुडाशी तोडली. वरची वेल वाळेल अशी सगळ्यांची समजूत. ती वाळली नाही. पावसाळा लागला तसे तिने वरून दोरे सोडले, त्यातला एक जमिनीला लागला, आणि दिवाळीपर्यंत बाई पुन्हा उभी. संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, तोडली तरी रुजणारी. दुसरं नाव अमृता. जुन्या निघंटूत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशात, तिची गोष्टही आहे: रावण मेल्यावर इंद्राने रणांगणावरच्या मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, आणि उठलेल्या वानरांच्या अंगावरून थेंब जिथे जिथे ओघळले तिथे गुळवेल उगवली. अशा नावाच्या वस्तूबद्दल "किती घ्यायची" हा प्रश्न विचारणं जरा अवघडच जातं. अमृत कुणी चमच्याने मोजतं का?

जिजी मोजायची. जिजी म्हणजे माझी आजी, अण्णांची आई. तिचं माप चार बोटं. आडवी चार बोटं ठेवून तेवढा तुकडा विळ्याने कापायचा, अंगठ्याएवढ्या जाडीचाच, कोवळा नको आणि जून नको. वरचा पापुद्रा काढायचा. पाट्यावर वरवंट्याने ठेचून रात्री तांब्याभर पाण्यात टाकायचा आणि सकाळी फडक्यातून गाळून अर्धा पेला, उपाशीपोटी. घेणाऱ्याचं तोंड वाकडं झालं की तिला समाधान वाटायचं. भाद्रपद-आश्विनात कपाशीच्या वावरात डास मातायचे, घरोघरी हिवतापाची एक-दोन माणसं गोधडीत कुडकुडत पडलेली असायची, तेव्हा ही वेल उतरवली जायची. तीन दिवस. फार तर पाच. ताप गेला की बंद. उरलेलं कांडं भिंतीच्या खिळ्याला टांगून ठेवलेलं असायचं, आणि महिन्याभरात तेही तिथेच टांगल्या टांगल्या पालवायचं.

मी सातवी-आठवीत असताना एकदा ताप उतरल्यावरही पेला घेऊन तिच्यापुढे गेलो. शहाणपणा दाखवायचा होता, कडू पिऊन दाखवण्यात मर्दुमकी वाटायची. तिने पेला हातातून काढून घेतला आणि तुळशीच्या वृंदावनात ओतला. "कडू से म्हनीसन गुणनं से. पन औषद से ते, जेवन नही."

पोटुशी बाईला ती देत नसे. का, ते सांगता आलं नसतं तिला. नाही म्हणजे नाही.

हे सगळं मी विसरलो होतो असं म्हणता येणार नाही. आठवत होतं, पण गोष्टीसारखं आठवत होतं. आजीच्या गोष्टी आपण सांगतो खूप, त्यातली वजनं-मापं तेवढी गाळून टाकतो.

मग २०२० साल उजाडलं. मार्चमध्ये शाळा बंद झाली. मी जळगावात गणित शिकवतो; फळा गेला, हातात मोबाइल आला, आणि दिवसाचे उरलेले तास काय करायचे कळेना. त्या जूनमध्ये जळगावचं नाव रोज बातम्यांत होतं, आणि चांगल्या कारणासाठी नव्हतं. औषध कुणाकडेच नव्हतं. लस म्हणजे लांबची गोष्ट. अशा वेळी माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं. तुळस, सुंठ, दालचिनी, मिरे यांच्या काढ्याचा सरकारी सल्ला एप्रिलमध्येच आला होता. घरोघरी पातेली चढली होती. कुणीतरी त्यात गुळवेल टाकली. मग सगळ्यांनीच टाकली. 'इम्युनिटी' हा शब्द भाजीवालीच्या तोंडीही बसला.

आणि माझ्याकडे तर निंबावरची गुळवेल होती. निंबावर चढलेली गुळवेल सगळ्यात गुणाची, असं सगळेच म्हणत. मी पास काढून मळ्यात गेलो, सालदाराला झाडावर चढवलं आणि खताची दोन पोती भरून वेल जळगावला आणली. ओसरीवर बसून विळ्याने कांड्या पाडल्या. चार बोटांच्या कुठल्या, चांगल्या वीतभर. उगाच लहान तुकडा देणं बरं दिसत नाही, देणाऱ्याचा हात आखडता वाटतो. गल्लीत पन्नासेक घरं, बहुतेक घरांत पोचवल्या. लोक दारातून हात जोडत. खरं सांगायचं तर त्या महिन्याभरात मला जितका मान मिळाला तितका वीस वर्षं त्रिकोणमिती शिकवून मिळाला नव्हता.

सगळ्यात मोठी जुडी आत्याला दिली. अण्णांची धाकटी बहीण, तेव्हा एकोणसाठ वर्षांची, जळगावातच पिंप्राळ्याकडे राहते. अण्णा गेल्यापासून माहेर म्हणजे मीच. तिला दर पंधरा दिवसांनी ताजी कांडी पोचवणं मी भाऊबीजेच्या ओवाळणीसारखं पाळलं.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. नवरात्राच्या आधी तिचा फोन आला, की जेवणावर वासना नाही. वरणाला फोडणी घातली की मळमळतं. थकवा असेल, मी म्हटलं. मग अंगाला खाज. मग लघवी गडद. घटस्थापनेच्या सकाळी ती परडीत माती चाळत बसलेली असताना सुनेने उजेडात तिचे डोळे पाहिले आणि मला फोन केला. डोळ्यांचा पांढरा भाग हळकुंडासारखा झाला होता.

आमच्याकडे कावीळ झाली म्हटलं की पहिला विचार दवाखान्याचा येत नाही. कावीळ 'उतरवणारे' लोक ठरलेले असतात. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन देतं आणि पाणी पिवळं झालं की रोग उतरला म्हणून सांगतं, कुणी नाकात रस पिळतं. एका नातेवाइकाने तिकडे न्यायची गाडीसुद्धा ठरवली. दुसऱ्याने फोनवर सांगितलं, "कावीळ ना? तिला गुळवेल चालू करा." हे तो चेष्टेने म्हणत नव्हता. काविळीवर गुळवेल द्यायची जुनी रीत आहेच.

आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, मास्कवर मास्क आणि वर काच, त्यामुळे डोळेच काय ते दिसत होते. एसजीपीटी म्हणजे यकृताची ती तपासणी. आकडा चाळिसाच्या आसपास असायला हवा, तो हजाराच्या घरात. अ, ब, क, ई सगळ्या काविळींच्या विषाणूंच्या तपासण्या करवल्या, एकही निघाला नाही. सोनोग्राफीत खडा नाही. दारूचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांनी विचारला आणि आत्या लाजली. मग त्यांनी विचारलं, "आजी, बाहेरचं काही औषध घेता का? देशी, आयुर्वेदिक, काही?"

"नाही हो. थायरॉईडची गोळी तेवढी, ती बारा वर्षांपासून."

मी शेजारीच उभा होतो. मला ऐकू आलं आणि मलाही काही चुकतंय असं वाटलं नाही, हे मी आज लिहिताना कबूल करतो. निदान अर्धा मिनिट तरी वाटलं नाही. मग डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "बरं, सकाळी उठल्यावर काय काय पिता?" तेव्हा आत्या मोकळेपणी सांगायला लागली. गरम पाणी. मग गुळवेलीचा काढा. मग दहा वाजता चमचाभर चूर्ण, ते सुनेच्या माहेरून आलेलं. आणि रात्री झोपताना मुलाने मागवलेल्या दोन गोळ्या, डबीवर हिरवं पान काढलेल्या. त्याही गुळवेलीच्याच.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिला म्हटलं, आत्या, आधी का नाही सांगितलंस? ती गोंधळली. "ते काय औषद से का भाऊ? ते ते आपला मळानं से."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात डॉक्टरांच्या यंत्रांना जे सापडलं नाही ते या एका वाक्यात होतं. औषध म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं, पैसे देऊन आणलेलं, पन्नीतून फोडलेलं. मळ्यातून आलेली, पुतण्याने हाताने कापून दिलेली वस्तू औषध कशी असेल? आणि जी औषध नाही तिला मात्राही नाही, मुदतही नाही, डॉक्टरांना सांगायची गरजही नाही. जिजी अक्षरशत्रू होती, पण तिच्या लेखी ते औषध होतं. आम्ही शिकलेल्यांनी त्याला बढती देऊन 'रोजचं' करून टाकलं.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. गणिताच्या मास्तराला दुःख झालं की तो आकडेमोड करतो. जिजीचा चार बोटांचा तुकडा साल काढून बारा ग्रॅम भरला. मी वाटलेली वीतभर कांडी पस्तीस. आयुर्वेदिक औषधसंहितेत गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम, आणि या दोन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत, दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. आत्याच्या पोटात कांडी, चूर्ण आणि गोळी तिन्ही रोज जात होती. तीही जिजीच्या तीन दिवसांच्या जागी साधारण एकशेवीस दिवस.

डॉक्टरांनी सगळं बंद केलं. थायरॉईडची गोळी तेवढी ठेवली. रक्ताच्या आणखी एका तपासणीत असं दिसलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उठते आहे, आणि ती खोड बहुधा जुनी असावी; थायरॉईडही पुष्कळदा त्यातूनच बिघडतो, ते म्हणाले. मला ते मळ्याच्या भाषेत कळलं. राखणदार मुळातच तापट. चोर नसला तरी घरच्यांवर काठी उगारणारा. आणि आपण रोज सकाळी त्याला आणखी जोरकस काठी देतोय, वर त्याची पाठ थोपटतोय. गुळवेल प्रतिकारशक्तीला जागं करते हे तिचं कौतुक म्हणूनच सांगतात. ज्याच्या घरात ती आधीच नको तितकी जागी आहे त्याने काय करायचं, ते डबीवर लिहिलेलं नसतं.

"नक्की गुळवेलीनेच झालं का?" मी विचारलं होतं. त्यांनी खांदे उडवले. त्या वेळी, २०२०च्या ऑक्टोबरात, त्यांच्याकडेही छापील काही नव्हतं. "दुसरं कारण सापडत नाही. बंद करून पाहू." दसरा गेला, दिवाळी गेली. फराळाचं एकही तळण तिने तोंडात घातलं नाही. आकडा आधी निम्मा झाला, मग शंभराच्या खाली आला, आणि मार्गशीर्षात डोळे पांढरे झाले. त्या दोन महिन्यांत मी गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचो. प्रत्येक दारात माझी कांडी होती.

मग २०२१च्या जुलैत पेपरात बातमी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली होती: गुळवेल घेणारे, यकृताला इजा झालेले, सगळे २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधले. मी ती बातमी उभ्याने वाचली. आयुष मंत्रालयाने लगेच हरकत घेतली. वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, गुळवेलीसारखी दिसणारी तिची चुलत बहीण 'टिनोस्पोरा क्रिस्पा' घेतली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. खरी गुळवेल म्हणजे 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया'. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांमधल्या त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यातही बोट गुळवेलीकडेच होतं; यकृतावर उठलेल्या प्रतिकारशक्तीचं आत्यासारखंच चित्र पुष्कळांमध्ये. थायरॉईड, मधुमेह असे जुने आजार असलेले त्यांत बरेच.

चुलत बहिणीची बातमी वाचून मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. म्हणजे आपली वेल चुकीची असेल! माणूस अज्ञानाचा दोष आनंदाने पत्करतो, प्रेमाने केलेल्या गोष्टीचा नाही. मी मळ्यात जाऊन पानांसकट हातभर वेल आणली आणि वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवली. त्यांनी भिंगाखाली धरली, पापुद्रा सोलला, ब्लेडने आडवा काप घेतला. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे ठसठशीत फोड असतात, ते म्हणाले, आणि खोड कापलं की दुधाळ चीक येतो. इथे साल कागदी, फोड नाहीत, चीक नाही. "अगदी खरी आहे तुमची." एवढ्या चांगल्या बातमीने एवढा पडलेला चेहरा त्यांनी आधी पाहिला नसणार. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं: खेड्यात लोक वासनवेलीलाही गुळवेल समजून आणतात. तिचं पान मखमली लवेचं, आणि पाण्यात कुस्करलं की रसाची खीर गोठते. ते मात्र मला माहीत होतं. लहानपणी आम्ही त्या हिरव्या खिरीवर भातुकली खेळलोय.

तर वेल खरी होती. चूर्णात काय होतं देव जाणे, गोळीत काय होतं तो बनवणारा जाणे. तिघांपैकी कुणी केलं हे मला कधीच सांगता येणार नाही. कोट्यवधी लोकांनी त्या वर्षी गुळवेल घेतली आणि त्यांतल्या बहुतेकांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं. आमच्या गल्लीत पन्नास घरांपैकी कुणालाच काही झालं नाही. म्हणून गुळवेलीला विष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिजीला शहाणी ठरवून मोकळं व्हायलाही मी तयार नाही. तिच्या काळी रक्ताच्या तपासण्या कुठे होत्या? तेव्हाही कुणाला कावीळ झाली असेल, कुणी दगावलंही असेल, आणि दोष पाण्याला किंवा नजरेला गेला असेल. तिच्या बाजूने एवढंच म्हणतो, की तिची पद्धत चुकली तरी तीन दिवसांत चुकून थांबणारी होती. ठेचायचे कष्ट, रात्रभर वाट पाहायची, आणि तो कडूपणा. कोण घेईल चार महिने? गोळीला चवच नाही. बाटलीतल्या रसात गोडवा घालून मिळतो. आपण आधी लगाम काढला आणि मग घोड्याला नावं ठेवतोय.

माझा एक वर्गमित्र वैद्य आहे, चाळीसगावला दवाखाना चालवतो. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो आमच्यावरच उखडला. "मी गुळवेल देतो ना, आजही देतो. पण नाडी पाहून देतो, आणि सुरू करतानाच बंद कधी करायची ते लिहून देतो. तुम्ही लोक आयुर्वेदाच्या नावाने जे करता त्याला किराणा म्हणतात." मला हे बोलणं लागलं, कारण किराणा मीच वाटला होता. त्यानेच मला शुगरचं सांगितलं. गुळवेल साखर उतरवते. मधुमेहाच्या गोळीच्या जोडीला कुणाला न सांगता घेतली तर पहाटे घाम फुटून माणूस गळून जातो आणि घरच्यांना वाटतं हार्टचं काहीतरी. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी पंधरा दिवस तरी बंद. संधिवाताची ती जात, ज्यात प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते, तिथे तर वैद्याला विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, यकृत आधीच दुखावलेलं असलेला माणूस, दारू घेणारा, किडनी बसवलेला. तो सांगत होता आणि मी मनातल्या मनात गल्लीतली एकेक दारं मोजत होतो. कुणाच्या घरी काय आहे हे मला त्या जूनमध्ये माहीत होतं का? विचारलं होतं का?

म्हणून आता विचारतो. आगाऊपणा वाटला तरी विचारतो. कसल्या गोळ्या चालू आहेत, कशासाठी हवी, किती दिवस. "रोज, कायमची" असं उत्तर आलं की देत नाही. दिली तर चार बोटंच देतो आणि सांगतो की भूक मेली, मळमळलं, लघवी पिवळीजर्द झाली तर त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरांकडे जाताना कांडी खिशात घालून न्या, दाखवा. त्यावर लोक हसतात.

पिशवीवाल्या गृहस्थांना शुगरची गोळी चालू होती. दोन होत्या, आणि एक रक्तदाबाची. मी म्हटलं, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मग मी स्वतः आणून देतो. त्यांनी चहा संपवला, "बघतो" म्हणाले आणि पिशवीची घडी घालून गेले. संध्याकाळी मेडिकलमधून बाहेर पडताना दिसले. हातात उंच हिरवी बाटली. मला पाहून त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

गेल्या आखाजीला आत्या मळ्यात आली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. दिवाळीला नाही आली लेक तरी चालतं, आखाजीला यावीच लागते. आता ती पासष्टीला आली. आमरस दोन वाट्या घेतला, सांजोऱ्या खाल्ल्या, आणि जेवण झाल्यावर हुक्की आली की झोक्यावर बसायचं. झोका बांधायला मी शिडी लावून निंबावर चढलो. नेहमीच्या फांदीवर गुळवेल आडवी आली होती, पानं गळालेली, नुसती दोरी. दोर तिच्यावर घासला असता. मी खालून विळा मागितला.

आत्याने वर पाहिलं. कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ पाहत राहिली.

"तोडू नको रे भाऊ," ती म्हणाली. "बाजूले सरकाई दे."

मी वेल उचलून पलीकडच्या खाचेत सरकवली. दोर आवळला, दोनदा लोंबकळून पाहिलं, आणि खाली उतरून पाट बसवला.